संगणकाचा मुखत्यार : लिनक्स प्रणालीवर प्रॉक्सीची नोंद कशी करावी

विद्यालयांच्या संगणक-कक्षांतून आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांतून एक अनुभव हटकून येतो. ब्राउझर उघडला की शासनाची संकेतस्थळे व्यवस्थित दिसतात, अर्ज भरता येतात, टपाल पाहता येते. परंतु त्याच संगणकाला नवी सुरक्षा-सुधारणा उतरवून घेण्यास सांगितले, की तो बराच वेळ घुटमळतो आणि अखेर संपर्क होत नसल्याचे कळवितो. इंटरनेट आहे आणि नाहीही, अशी ही चमत्कारिक अवस्था असते. कक्षाचे काम पाहणारे शिक्षक तारा तपासतात, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात, आणि ब्राउझर तर चालतो आहे, बाकीचे पुढे पाहू, असे म्हणून तो विषय सोडून देतात.

तो विषय सोडून देण्यासारखा नाही. पंचायतीच्या संगणकावर जन्ममृत्यूच्या नोंदी आणि घरपट्टीचे हिशेब असतात. विद्यालयाच्या संगणकावर मुलांचे गुण आणि पालकांचे पत्ते असतात. महिनोन्‌महिने सुरक्षा-सुधारणा न मिळालेला संगणक म्हणजे कडी नसलेले दप्तराचे कपाट होय. कपाट बंद दिसते, एवढेच.

या अडचणीचे कारण बहुधा एकच असते. कचेरीतील संगणक इंटरनेटशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक प्रॉक्सी असतो. त्या प्रॉक्सीचा पत्ता कोणी तरी केवळ ब्राउझरला सांगून ठेवलेला असतो आणि संगणकाच्या उरलेल्या भागाला त्याची वार्ताच नसते. तो पत्ता साऱ्या संगणकाला एकदम कसा सांगावयाचा, हा या पाठाचा विषय आहे. विंडोज १० या प्रणालीची नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुन्या संगणकांना नवी विंडोज पेलत नाही, अशा ठिकाणी लिनक्सचा विचार होणे स्वाभाविक आहे. आणि लिनक्स बसविल्यानंतर पहिला अडसर बहुधा हाच येतो.

प्रोकुरादोर आणि प्रॉक्सी

प्रॉक्सी हा शब्द गोमंतकीय वाचकांना वाटतो तितका परका नाही. गोव्यातील कोमुनिदादींच्या कारभारी समितीत अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या जोडीला प्रोकुरादोर, म्हणजे मुखत्यार, हे पद पोर्तुगीज अमदानीपासून चालत आले आहे. प्रोकुरादोर आणि प्रॉक्सी हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून निघालेले असून दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, हाच दोहोंचा अर्थ. गावकऱ्यांच्या वतीने प्रोकुरादोराने बोलावे, त्याप्रमाणे कक्षातील वीस संगणकांच्या वतीने एका प्रॉक्सीने बाहेरच्या जगाशी बोलावे, अशी ही व्यवस्था आहे.

जागतिक जाळ्याच्या अगदी बालपणी ही कल्पना निघाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात १९९४ साली जागतिक जाळ्याविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत आरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी प्रॉक्सीविषयीचा निबंध सादर केला. सुरक्षेसाठी भिंत घातलेल्या संस्थांतील लोकांना बाहेरची पाने पाहता यावीत, हा त्यांचा मुख्य हेतू होता. दुसरा लाभ असा, की एकदा आणलेले पान प्रॉक्सीने आपल्याजवळ ठेवून घेतले, तर तेच पान मागणाऱ्या दुसऱ्या संगणकासाठी पुन्हा बाहेर जाण्याचे कारण पडत नाही. तालुक्याला निघालेल्या शिपायाने दहा जणांची कामे एकाच खेपेत उरकावीत, तसेच हे.

आज पुष्कळ संस्थांतून या कामासाठी स्क्विड नावाची मुक्त आज्ञावली वापरतात. १९९६ पासून ती प्रचारात असून ड्वेन वेसल्स हे तिचे मूळ कर्ते. स्क्विड म्हणजे माकूल, गोव्याच्या बाजारातील माणकी. नावाचे काहीही असो, तिचा ठरलेला पोर्ट क्रमांक ३१२८ मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पत्ता घराचा असेल, तर पोर्ट हा त्या घराच्या विशिष्ट दरवाजाचा क्रमांक होय. दोन्ही बरोबर असल्यावाचून निरोप पोहोचत नाही.

पूर्वीइतका साठवणुकीचा लाभ आता राहिलेला नाही. बहुतेक संकेतस्थळे आता एचटीटीपीएस पद्धतीने, म्हणजे मोहोरबंद पाकिटातून, बोलतात. अशा वेळी प्रॉक्सी दोन टोकांमध्ये एक नळी जोडून देतो आणि बाजूला होतो. कोणत्या संकेतस्थळाकडे निरोप गेला, हे त्याला कळते. पाकिटात काय आहे, ते साधारणतः कळत नाही. संस्थेने आपले खास प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात बसविले असेल, तर मात्र पाकीट उघडून पाहण्याची सोय तिच्या हाती येते. कचेरीच्या संगणकावरून बँकेचा खासगी व्यवहार करणाऱ्यांनी हा भेद जाणून घेतलेला बरा.

ज्या घरी मोबाईलचे किंवा दूरध्वनी कंपनीचे इंटरनेट थेट येते, तेथे प्रॉक्सीची गरज नाही आणि पुढील मजकूर त्या संगणकांना लागू पडत नाही.

प्रारंभी जमवावयाची माहिती

जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट क्रमांक, नाव व परवलीचा शब्द लागतो किंवा कसे, आणि कोणत्या स्थानिक पत्त्यांना प्रॉक्सी लावू नये. चौथी गोष्ट विचारावयाची हमखास राहून जाते. विद्यालयातच बसविलेल्या निकालपत्रकाच्या संगणकाकडे किंवा शेजारच्या छपाईयंत्राकडे जाणारा निरोप बाहेरच्या मुखत्यारामार्फत पाठविणे म्हणजे माडीवरच्या माणसाला पणजीहून पत्र टाकणे होय.

या पाठात उदाहरणादाखल प्रॉक्सीचा पत्ता १०.२०.०.५ आणि पोर्ट ३१२८ असा धरला आहे. आज्ञा आणि फाईलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहावयाची. मोठे अक्षर जेथे आवश्यक आहे, तेथे तसे सांगितले आहे. चिन्हे जशी दिसतात तशीच द्यावीत.

एकच नोंद पुरत नाही, याचे कारण

लिनक्स ही एकाच कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू नव्हे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा तयार केला. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापली वितरणे उभारली. डेबियन १९९३ सालचे, उबुंटू २००४ सालचे. आपल्या देशातील सी-डॅक या शासकीय संस्थेचे बॉस हे वितरणही डेबियनच्याच पायावर उभे आहे. गाभ्याला प्रॉक्सी ही गोष्टच ठाऊक नाही. प्रॉक्सीकडे जावयाचे की थेट जावयाचे, हे प्रत्येक आज्ञावली स्वतः ठरविते, आणि त्यासाठी कोणत्या फलकावरची सूचना वाचावयाची, हेही तीच ठरविते. संपूर्ण संगणकासाठी नोंद करणे याचा व्यवहारातील अर्थ असा, की जे मोजके फलक वाचले जातात, त्या सर्वांवर एकच पत्ता लिहून ठेवणे.

असे मुख्य फलक तीन आहेत : पडद्यावरील सेटिंग्ज, एन्व्हायरन्मेंट नावाची फाईल, आणि सुधारणा उतरवून घेणाऱ्या एपीटी या आज्ञावलीची स्वतःची फाईल.

पडद्यावरील फलक सर्वांत सोपा. ग्नोम हा पडदा असलेल्या संगणकावर सेटिंग्जमध्ये नेटवर्क या भागात नेटवर्क प्रॉक्सी अशी ओळ असते. तेथे मॅन्युअल हा पर्याय निवडून एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही रकान्यांत पत्ता व पोर्ट भरावा. फायरफॉक्स हा ब्राउझर त्याच्या मूळ स्थितीत ही नोंद मानतो. परंतु ही नोंद त्या वापरकर्त्यापुरतीच असते. दुसऱ्या नावाने कोणी आत आला, की त्याच्यासाठी ती नाही. आणि पडद्यामागे चालणाऱ्या सेवांना तर ती मुळीच दिसत नाही. पूर्वी याच खिडकीत साऱ्या संगणकाला लागू करा, अशा अर्थाचे एक बटण होते. पुढे ते काढून टाकण्यात आले. ते का काढले याची तांत्रिक समर्थने काहीही असोत, सामान्य वापरकर्त्याची एक चांगली सोय गेली, असेच म्हणावे लागते.

दुसरा फलक ईटीसी या निर्देशिकेतील एन्व्हायरन्मेंट ही फाईल. संगणकात कोणीही आत येत असता ही फाईल वाचली जाते आणि तिच्यातील नोंदी त्या व्यक्तीने सुरू केलेल्या सर्व आज्ञावलींच्या कानी घातल्या जातात. टर्मिनल उघडून पुढील आज्ञा द्यावी :

सुडो नॅनो /ईटीसी/एन्व्हायरन्मेंट

फाईलमध्ये आधीपासून असलेला मजकूर, विशेषतः पाथ या शब्दाने सुरू होणारी ओळ, तशीच राहू द्यावी. तिच्याखाली तीन ओळी लिहाव्यात :

एचटीटीपी_प्रॉक्सी="एचटीटीपी://१०.२०.०.५:३१२८/"
एचटीटीपीएस_प्रॉक्सी="एचटीटीपी://१०.२०.०.५:३१२८/"
नो_प्रॉक्सी="लोकलहोस्ट,१२७.०.०.१,१०.२०.०.६"

दुसऱ्या ओळीकडे पाहून पुष्कळांचा हात अडखळतो. डावीकडे एचटीटीपीएस असताना उजवीकडे साधे एचटीटीपी कसे? छपाईची चूक समजून उजवीकडेही एस जोडला जातो आणि मग काही चालत नाही. यात चूक नाही. डावे नाव सांगते, की निरोप कोणत्या प्रकारचा आहे. उजवी बाजू सांगते, की मुखत्याराशी कोणत्या भाषेत बोलावयाचे. मोहोरबंद पाकीटही मुखत्याराच्या हाती साध्याच बोलीत सोपवावयाचे असते. पाकिटाची मोहोर त्यामुळे फुटत नाही.

ही नावे लहान अक्षरांतच लिहिण्यालाही कारण आहे. काही आज्ञावली मोठ्या अक्षरांतील नावेही वाचतात. परंतु एचटीटीपी_प्रॉक्सी हे नाव मोठ्या अक्षरांत वाचण्यात एक धोका २००१ मध्येच काहींच्या ध्यानी आला होता. संकेतस्थळ चालविणाऱ्या संगणकावर बाहेरचा मनुष्य आपल्या मागणीत प्रॉक्सी नावाचे एक शीर्षक घालून नेमकी तीच नोंद निर्माण करू शकतो आणि तेथील आज्ञावलीचे निरोप स्वतःकडे वळवू शकतो. २०१६ च्या जुलै महिन्यात हे छिद्र अनेक प्रचलित आज्ञावलींत अद्यापि उघडे असल्याचे जाहीर झाले, तेव्हा मोठीच धावपळ उडाली. कर्ल ही आज्ञावली तर हे एक नाव पूर्वीपासून केवळ लहान अक्षरांतच मानते.

नो_प्रॉक्सी या ओळीत वगळावयाचे पत्ते स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता लिहावेत. दहाने सुरू होणारे सगळे पत्ते वगळा, अशा अर्थाची आटोपशीर खूण पडद्यावरील सेटिंग्जमध्ये चालते. म्हणून ती येथेही चालेल, असे गृहीत धरू नये. कर्लने ती २०२२ मध्ये स्वीकारली; डब्ल्यूगेट ती ओळखत नाही. स्थानिक यंत्रे दोनचारच असतील, तर प्रत्येकाचा पूर्ण पत्ता लिहिणे हाच भरवशाचा मार्ग. तारांकित चिन्हाच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी.

फाईल जतन करून संगणकातून बाहेर पडावे आणि पुन्हा आत यावे. उघड्या टर्मिनलला नवी नोंद आपोआप कळत नाही. पुष्कळांचा अर्धा दिवस येथेच खर्ची पडतो.

सुधारणा उतरविणारा तिसरा फलक

प्रारंभी वर्णन केलेली तक्रार ज्या ठिकाणी उत्पन्न होते, ते स्थळ हे. सुधारणा बसविण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, म्हणून आज्ञेच्या आधी सुडो लिहितात. परंतु सुडो ही मोठी शिस्तीची आज्ञा आहे. सामान्य वापरकर्त्याच्या भोवतालच्या बहुतेक नोंदी झाडून टाकून मगच ती व्यवस्थापकाच्या दालनात प्रवेश देते. भलत्या नोंदी आत शिरू नयेत, हा तिचा हेतू योग्यच आहे. त्या झाडलोटीत प्रॉक्सीची नोंदही जाते. काही वितरणांत सुडो एन्व्हायरन्मेंट फाईल पुन्हा वाचते, काहींत वाचत नाही. भरीस भर म्हणून ग्नोमचे टर्मिनल पडद्यावरील नोंद आपण होऊन उचलते. त्यामुळे साधी आज्ञा चालते, सुडोची चालत नाही, आणि पाहणारा गोंधळून जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. डेबियन आणि उबुंटू या वितरणांत सुरक्षा-सुधारणा आपोआप उतरवून घेण्याची सोय असते. हे काम करणारी सेवा संगणकात कोणीही आत आलेला नसतानाही चालते. ती एन्व्हायरन्मेंट फाईल वाचत नाही. म्हणजे शिक्षकाने हाताने आज्ञा दिली, सुधारणा उतरल्या, सर्व ठीक आहे असे त्याने मानले, आणि प्रत्यक्षात रोजची आपोआप होणारी सुधारणा मुकाट्याने बंद पडलेली, असे होऊ शकते. सबब, पहिले दोन फलक भरले असले, तरीही हा तिसरा फलक भरावाच.

सुडो नॅनो /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/९५प्रॉक्सी

या आज्ञेने नवी फाईल उघडेल. तिच्यात दोन ओळी लिहाव्यात :

अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१०.२०.०.५:३१२८/";
अक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी "एचटीटीपी://१०.२०.०.५:३१२८/";

ओळीच्या शेवटचे अर्धविराम चिन्ह विसरल्यास एपीटी कामच नाकारते. फाईलच्या नावापुढे टीएक्सटी हे शेपूट लावू नये. तसे शेपूट असलेल्या फाईलकडे एपीटी दुर्लक्ष करते. फेडोरा या वितरणात एपीटी नसून डीएनएफ असते. तेथे ईटीसी निर्देशिकेतील डीएनएफ या उपनिर्देशिकेत डीएनएफ.कॉन्फ नावाची फाईल असते, तिच्यातील मेन या भागात प्रॉक्सी= असे लिहून पुढे तोच पत्ता द्यावयाचा.

पडद्यामागे चालणाऱ्या अन्य एखाद्या सेवेला इंटरनेट लागत असेल, तर सुडो सिस्टिमसीटीएल एडिट या आज्ञेपुढे त्या सेवेचे नाव द्यावे. उघडणाऱ्या फाईलमध्ये चौकटी कंसात सर्व्हिस हा शब्द आणि त्याखाली एन्व्हायरन्मेंट="एचटीटीपी_प्रॉक्सी=एचटीटीपी://१०.२०.०.५:३१२८/" ही ओळ लिहावी. या दोन शब्दांचे, म्हणजे सर्व्हिस व ओळीच्या प्रारंभीचे एन्व्हायरन्मेंट यांचे, पहिले अक्षर मोठे हवे. नंतर ती सेवा पुन्हा सुरू करावी. सामान्य कचेरीत याची वेळ क्वचितच येते.

वीस संगणकांचा कक्ष

पडद्यावरील नोंद प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने वेगवेगळी करीत बसणे व्यवहार्य नाही. शिवाय आठवीनववीची मुले सेटिंग्ज उघडून पाहणारच. ग्नोममध्ये यासाठी डीकॉन्फ नावाची व्यवस्था आहे. ईटीसीमधील डीकॉन्फ या निर्देशिकेत प्रोफाईल/यूजर ही फाईल तयार करून तिच्यात दोन ओळी द्याव्यात :

यूजर-डीबी:यूजर
सिस्टिम-डीबी:लोकल

त्यानंतर डीबी/लोकल.डी या उपनिर्देशिकेत ००-प्रॉक्सी या नावाची फाईल करावी व तिच्यात पुढील मजकूर लिहावा :

[सिस्टिम/प्रॉक्सी]
मोड='मॅन्युअल'
[सिस्टिम/प्रॉक्सी/एचटीटीपी]
होस्ट='१०.२०.०.५'
पोर्ट=३१२८
[सिस्टिम/प्रॉक्सी/एचटीटीपीएस]
होस्ट='१०.२०.०.५'
पोर्ट=३१२८

शेवटी सुडो डीकॉन्फ अपडेट ही आज्ञा द्यावी. आता कोणत्याही नावाने आत येणाऱ्यास हीच नोंद मूळ नोंद म्हणून मिळेल. ती बदलता येऊ नये असे वाटत असेल, तर त्याच लोकल.डी मध्ये लॉक्स नावाची उपनिर्देशिका करून तीतील एका फाईलमध्ये /सिस्टिम/प्रॉक्सी/मोड यासारखी किल्ल्यांची नावे एकाखाली एक लिहावीत, आणि पुन्हा तीच आज्ञा द्यावी. एका संगणकावर सर्व नीट चालल्याची खात्री झाल्यावर या फाईली जशाच्या तशा उरलेल्या संगणकांवर नेता येतात. वीस ठिकाणी हाताने लिहिण्यात एखादा टिंब हुकतोच.

परवलीचा शब्द

नाव व परवलीचा शब्द मागणारा प्रॉक्सी असेल, तर ते दोन्ही पत्त्यातच, नाव:शब्द@१०.२०.०.५ या रीतीने लिहिता येतात. शब्दात विशेष चिन्हे असल्यास घोटाळा होतो, कारण @ हे चिन्ह पत्त्यात आधीच एका कामाला लावलेले आहे. त्याऐवजी %४० लिहावे लागते. अपूर्णविरामासाठी %३ए आणि # या चिन्हासाठी %२३. वर सांगितलेल्या सेवांच्या फाईलमध्ये मात्र टक्क्याचे चिन्ह दोनदा द्यावे लागते.

तथापि ही रीत शक्यतो टाळावी. एन्व्हायरन्मेंट ही फाईल संगणकावरील कोणालाही वाचता येते. मुख्याध्यापकांचा किंवा पंचायत सचिवांचा परवलीचा शब्द तेथे लिहून ठेवणे म्हणजे तो सूचनाफलकावर खडूने लिहिणे होय. त्या नावावर पुढे कोणी काय पाहिले व काय पाठविले, याचा जाब मात्र त्याच अधिकाऱ्यास द्यावा लागेल. फाईल सर्वांपासून लपवून चालणार नाही, कारण मग नोंदीचा हेतूच फसतो. जाळ्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून कक्षातील संगणकांना त्यांच्या पत्त्यावरून परवानगी मागावी, किंवा कोणाही व्यक्तीचे नसलेले, केवळ त्या कक्षापुरते मर्यादित अधिकारांचे वेगळे नाव मागून घ्यावे. असा अर्ज करण्यात कमीपणा नाही. न करण्यात मात्र जोखीम आहे.

पडताळा

पिंग ही आज्ञा देऊन पाहण्याची पुष्कळांना सवय असते. प्रॉक्सीच्या बाबतीत ती फसवी आहे. पिंगचा निरोप वेगळ्याच जातीचा असून प्रॉक्सी तो वाहून नेत नाही. तेव्हा पिंग निष्फळ ठरले, म्हणून प्रॉक्सी बिघडला असे होत नाही. त्याऐवजी एन्व्ही | ग्रेप -आय प्रॉक्सी ही आज्ञा द्यावी. लिहिलेल्या तीन ओळी पडद्यावर दिसल्या पाहिजेत. एपीटीसाठी एपीटी-कॉन्फिग डंप | ग्रेप -आय प्रॉक्सी. या दोन्ही ठिकाणी आय लहान. नंतर कर्ल -आय व त्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता द्यावा. येथील आय मात्र मोठा.

उत्तरात २०० हा अंक आला, म्हणजे पान मिळाले. ४०७ आल्यास प्रॉक्सी परवलीचा शब्द मागत आहे. ४०३ म्हणजे बहुधा ते स्थळ मना केलेले आहे. संगणकाशी झटापट न करता अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. जोडणी नाकारली, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तत्काळ आले, तर पोर्ट क्रमांक चुकला आहे किंवा प्रॉक्सी चालविणारी सेवा बंद आहे. बराच वेळ काहीच न होता अखेर मुदत संपल्याचे उत्तर आले, तर पत्ताच चुकलेला असण्याचा किंवा वाटेत कोठे तरी भिंत असण्याचा संभव अधिक.

जुन्या संगणकांत आणखी एक रोग आढळतो आणि तो प्रॉक्सीच्या माथी मारला जातो. आतील नाण्याएवढा सेल संपला, की यंत्राचे घड्याळ वीज जाताच कित्येक वर्षे मागे पडते. पाकिटावरील मोहोरेची मुदत संगणक आपल्याच घड्याळावरून मोजतो. त्यामुळे प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ त्याला संशयास्पद दिसू लागते. इंटरनेटवरून वेळ जुळविणारा निरोप १२३ या पोर्टवरून वेगळ्या पद्धतीने जातो. पिंगप्रमाणेच प्रॉक्सी तोही नेत नाही. कक्षाबाहेरची भिंत तो अडवीत असेल, तर घड्याळ आपोआप दुरुस्त होणार नाही. सेल बदलावा आणि संस्थेत वेळ सांगणारे स्थानिक यंत्र असल्यास त्याचा पत्ता विचारून घ्यावा.

घरी नेलेला संगणक

हातात नेता येण्याजोगा संगणक असेल, तर साऱ्या यंत्रासाठी नोंद करण्यापूर्वी विचार करावा. शिक्षक तो सायंकाळी घरी नेतात, मोबाईलच्या इंटरनेटला जोडतात, आणि काहीही चालत नाही. कारण संगणक प्रत्येक निरोप १०.२०.०.५ कडे पाठवू पाहतो आणि दहाने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या आतच चालतात, घरून ते गाठता येत नाहीत. अशा संगणकावर पडद्यावरील नोंदच ठेवावी. घरी गेल्यावर ती एका बटणाने बंद करता येते. सुधारणेसाठी एपीटीची फाईल ठेवावयाचीच असेल, तर सुधारणा शाळेच्या वेळात होतील एवढे पाहावे.

कायमची नोंद काढून टाकण्याचा क्रम उलटा. एपीटीची ९५प्रॉक्सी ही फाईल पुसावी, एन्व्हायरन्मेंटमधील तीन ओळी काढाव्यात आणि पाथची ओळ राहू द्यावी, पडद्यावर प्रॉक्सी बंद करावा, कक्षासाठी डीकॉन्फ वापरले असल्यास ००-प्रॉक्सी व लॉक्समधील फाईल पुसून पुन्हा सुडो डीकॉन्फ अपडेट द्यावे, आणि संगणकातून बाहेर पडून परत आत यावे. त्यानंतर एन्व्हीची आज्ञा दिली असता प्रॉक्सीची एकही ओळ दिसता कामा नये.